मंगलाबाईंचा दुसरा मजला

भैयाजीने खिडकीतून तंबाखू-सुपारीच्या खर्‍याची पिचकारी मारली, तोंड हाताने पुसलं आणि त्याच ओल्या बोटाने फॉर्मचं पान उलटलं. रीताला शिसारी आली. पण माणूस नवऱ्याचा मावसभाऊ होता, विम्याचा एजंट होता, आणि विमा तर तिलाच हवा होता.

मागच्या पावसाळ्यात वैनगंगेचं पाणी नाल्यातून उलटं चढून भंडाऱ्यातल्या त्यांच्या वस्तीत शिरलं होतं. रीता आणि प्रविणच्या भाड्याच्या दोन खोल्यांत कमरेएवढं. पाणी उतरल्यावर तिने दोन दिवस घमेल्याने चिखल काढला. त्यात संडासाची घाण होती, सडलेला तांदूळ होता, आणि फ्रिजखाली फुगून मेलेली घूस. गाद्या रस्त्यावर फेकाव्या लागल्या. जिच्यावर ती लोकांचे कपडे शिवायची, ती शिलाई मशीनही गंजून गेली; उसने पैसे काढून दुसरी घ्यावी लागली. घरमालकाने भिंतींना चुना मारून दिला आणि हात झटकले. भिंती त्याच्या, सामान तुमचं. तेव्हाच तिने ठरवलं, पुढच्या पावसाळ्याच्या आत सामानाचा विमा काढायचा. परवडेल असा, पण कामाचा.

"सगळ्यात सस्ती पॉलिसी हीच हाय, वहिनी," भैयाजी म्हणाला. "वर्षाचे नऊशे. प्रविणने सही केली, तुम्ही फक्त पैसे पाठवा."

"पुराचं पाणी आलं तर भेटते का?"

"सगळंच भेटते."

"अन् मशीन? तिच्यावर धंदा करते मी."

"ते कायले लिहायचं? घरची मशीन म्हणा."

"नवीन घ्यायचे पैसे देतात का जुन्याच्या भावाने?"

भैयाजी लाल दात काढून हसला. "प्रविण, वहिनी तर वकील झाली ना बे!"

प्रविणही हसला. रीताने फॉर्म ठेवून घेतला. वाचून सांगते, म्हणाली.

तो गेल्यावर तिला शेजारच्या मंगलाबाई आठवल्या. एकट्या राहणाऱ्या या म्हातारीने पुराच्या आधी भैयाजीकडूनच असा विमा काढला होता आणि तिला एक पैसा मिळाला नव्हता. कंपनीवालेच चोर आहेत, असं भैयाजीने तिला सांगितलं होतं. रीता तिच्याकडे गेली. कंपनीचं पत्र मंगलाबाईंनी जपून ठेवलं होतं. इंग्रजीत असल्यामुळे ते त्यांना कोणी वाचून दाखवलं नव्हतं.

रीताने एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"काय लिवलं वो बाई?"

"लिहिलंय, तुमचं घर दुसऱ्या मजल्यावर हाय असं फॉर्ममध्ये सांगितलं होतं. पाहणी केली तर घर खालीच निघालं. खोटी माहिती देली म्हणून पैसे नाही."

मंगलाबाईंनी वर पाहिलं. वर टिनाचे पत्रे होते.

"मी कायले दुसरा मजला सांगू? त्यानंच भरलं सारं. मले म्हणे, मावशी, तू फक्त अंगठा दे."

रीता घरी आली आणि तिने स्वतःचा फॉर्म शेवटपर्यंत वाचला. मजला: दुसरा. यापूर्वी घरात पुराचं पाणी शिरलं आहे का: नाही. खाली प्रविणची सही. ज्या खोलीतून तिने घाण उपसली होती, त्याच खोलीत बसून नवऱ्याने 'नाही'खाली सही केली होती.

"तुमाले माहीत होतं?" तिने विचारलं.

प्रविणने मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. "सगळे असंच भरतात. खरं लिहिलं तर पैसे वाढतात. तूच म्हणत होती ना, सस्ता पाहिजे म्हणून?"

"सस्ता म्हटलं होतं मी. खोटा म्हटलं नव्हतं."

तिने फॉर्म फाडला. पुढचे चार दिवस कपडे शिवता शिवता तिने कंपन्यांना फोन लावले आणि प्रत्येक ठिकाणी आधीच सांगितलं: घर खालचं आहे, मागच्या वर्षी पाणी आलं होतं, मशीनवर धंदा करते. एकाने नाही म्हटलं. दुसरा पुराची हमी घ्यायला तयार होता, मशीनची नाही. तिसऱ्याने दोन्हींची घेतली, तीही नव्याच्या भावाने. नुकसानीतले पहिले पाच हजार मात्र आपणच सोसायचे. हप्ता नऊशेच्या दुपटीहून जास्त. रीताने यादीतून जुना टीव्ही काढला, दागिने काढले, तेव्हा कुठे तो आवाक्यात आला. पॉलिसी आल्यावर तिने तिची ओळन् ओळ तपासली. त्याच आठवड्यात मंगलाबाईंची तक्रारही कंपनीला पाठवली.

पंधरा दिवसांनी घरच्या ग्रुपवर फोटो आला: शाल, नारळ, आणि हसणारा भैयाजी. वर्षातला उत्तम एजंट. खाली अभिनंदनाची रांग लागली, त्यात प्रविणच्या टाळ्याही होत्या. रीताला तो फोटो बघवेना. तिने मंगलाबाईंना विचारलं आणि कंपनीच्या पत्राचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'हा फॉर्म यांनीच भरला होता.'

पाच मिनिटांत भैयाजीचा फोन आला.

"वहिनी, घरच्या माणसाची इज्जत काढून राहिल्या तुम्ही?"

"मंगलाबाईकडे या अन् त्यायले तोंडावर सांगा, तुम्ही काय लिहिलं ते."

"बुढीने अंगठा कायले देल्ला मंग? तिची चूक हाय."

रीताने फोन कापला आणि नळावर जाऊन हात धुतले.

तक्रारीवर कंपनीने मंगलाबाईंना फक्त हप्ता परत केला. रीताने कागद विमा लोकपालाकडे पाठवले. सुनावणीत फॉर्मवरचं अक्षर भैयाजीचंच निघालं, आणि मंगलाबाईंना मागितलेल्यातले निम्मे पैसे मिळाले. त्यांनी लोखंडी पलंग आणि तांदळाची मोठी कोठी घेतली. भैयाजीला कंपनीने समज दिली. एजंट तो अजूनही आहे.

दिवाळीत तो मिठाईचा डबा घेऊन आला, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने. प्रविणने खुर्ची दिली. रीता मशीनवरून उठली नाही. थोडा वेळ वाट बघून प्रविण स्वतःच स्वयंपाकघरात गेला आणि त्याने चहाचं आधण ठेवलं.