मातीच्या बैलांची खांदमळणी

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या आष्टीत कुणालाही विचारा. पण त्या दिवशी तापलं ते काही उगाच न्हाई.

त्या वर्षी मी अन् भुजंग जुन्या जालन्यातल्या एका कलाकेंद्रात इंटर्न होतो. इंटर्न म्हणजे शिकाऊ. शिकता शिकता काम करायचं, अन् वरून पाहुण्यांना चहाही नेऊन द्यायचा. भुजंग जाफराबादचा, कॉलेजात माझ्याच वर्गात. तो कॅमेऱ्यावर, मी मातीवर. आम्ही ॲनिमेशनची फिल्म करून राह्यलो होतो. काळ्या मातीचे दोन बैल, एक नांगर अन् दिवसभराचं शेत, एवढीच गोष्ट. बैलाचा पाय जरासा पुढं सरकवायचा, फोटो घ्यायचा. पुन्हा सरकवायचा, पुन्हा फोटो. असे ढीगभर फोटो कम्प्युटरवर एकामागं एक पळवले की बैल चालायला लागतो. पहिल्यांदा तो चालला तेव्हा भुजंगनं अशी आरोळी ठोकली की खालचा कापडवाला गिऱ्हाईक सोडून वर पळत आला.

फिल्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, आष्टीच्या बाजारतळावर दाखवायची होती. माझ्या गावात! शेवटचा एकच सीन राह्यला होता. बैल गोठ्यात शिरतात इथवर झालं होतं, आता आत त्यांना विसावा घेताना दाखवायचं होतं. पण केंद्र चालवणारे काकासाहेब बोलण्याचे पक्के. "झाली तर तुमची लावू. न्हाई झाली तर पुण्याहून आलेली तयार फिल्म हाय. गावापुढं अर्धवट काम न्यायचं न्हाई." पुण्याची फिल्म चांगलीच होती, माझं काही तिच्याशी वैर न्हाई. पण आष्टीत जो तो म्हणून राह्यला होता, सगुणाबाईची बेबीनंदा जालन्याला जाऊन चिखल खेळती. त्यांना दाखवायचं होतं मला. बस्स.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही चहाला खाली गेलो. वर येऊन बघतो तर हॉलमधी माझी आई! मला सणाला घरी न्यायला एसटीनं आल्ती, न सांगता. टेबलापुढं पदर खोचून उभी होती. शेजारी तुपाची वाटी, हळदीची पुडी, अन् हाताखाली आमचा बैल.

त्या दिवशी खांदमळणी होती, मी पार विसरले होते. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्याला घट्टे पडतात, म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी तूप-हळद लावून ते चोळतात. आईनं बैल बघितले, दिवस बघितला, अन् घेतलं चोळायला. दोन्ही बैलांचे खांदे पिवळेधमक, तुपानं चकचकीत.

"आई! हे काय करून ठेवलं?"

"काय केलं? बैल हायत न्हवं? सणाचं तसंच ठिवायचं का त्यांना?"

"अगं, मातीचे हायत ते!"

"मंग? उद्या घरोघरी मातीचेच पुजत्यात की."

माझं डोकं तापलंच. नको नको ते बोलले. माझं वाटोळं केलं म्हणाले, तुला कुणी बोलावलं होतं म्हणाले. भुजंग ओल्या फडक्यानं पुसायला गेला, तर हळद आणखीच पसरली अन् खांद्याची माती फडक्याला आली. नवे बैल करायचे तर माती सुकून आवळायलाच दोन-तीन दिवस लागणार. काकासाहेब आले, त्यांनी बघितलं. सरळ पुण्याच्या फिल्मची सीडी काढून पिशवीत ठेवली. रागावले असते तर परवडलं असतं.

आईचा चेहरा एवढासा झाला. तिनं पिशवी उचलली, दारापर्यंत गेली, अन् परत फिरली. हळद लागली होती, पण एका बैलाचा खांदा चोळायचा अर्धाच राह्यला होता. तो तसा सोडून तिला जाववेना. बिलकुल माझ्याकडं न बघता तिनं त्या खांद्यावर तळवा ठेवला. राबलेला, रुंद तळवा. त्याखाली बैलाचा अख्खा खांदा झाकून गेला. मंग तळवा हळूच मागं सरकला, अन् त्याच्याखालून पिवळा खांदा निघाला.

मी भुजंगचा दंड धरला.

"भुजंग, कॅमेरा लाव! जल्दी!"

"कशाला?"

"अरे येड्या, बैल गोठ्यात शिरले तेव्हा खांदे काळे होते. आता आईचा हात खांद्यावर ठेवू. हात सरकंल तसा पिवळा रंग दिसंल. बघणाऱ्याला वाटंल, हळद आत्ताच लागली!"

भुजंगनं कपाळावर हात मारून घेतला अन् कॅमेऱ्याकडं पळाला.

"आई, तुझा हात पाहिजे," मी म्हणाले.

"राग गेला का?"

"न्हाई गेला. पण हात पाहिजे."

"अन् घरच्या बैलांची खांदमळणी?"

"बाबा करतील की."

आईनं पिशवी खाली ठेवून बांगड्या मागं सारल्या.

आईला मातीसारखं सरकवायचं म्हणजे दिव्य होतं. "जरासा मागं घे. थांब. आता हलू नको."

"हलू नको तर चोळू कशी गं?"

"चोळल्यासारखं आम्ही दाखवतो!"

"लबाडीच की मंग ही," आई म्हणाली, पण हात दगडासारखा धरला. नाकाला खाज सुटली तर भुजंगला खाजवायला लावलं. लाइट गेली की तिथंच भिंतीला टेकायची, लाइट आली की उभी. पोळ्याच्या दिवशीही ती जालन्यातच राह्यली, आमच्यासाठी. दुपारी काकासाहेबांनी पुरी फिल्म बघितली. पिशवीतली सीडी काढून कपाटात ठेवली अन् म्हणाले, "बराबर हाय. चला आष्टीला."

करीच्या संध्याकाळी बाजारतळ गच्च भरला होता. पडद्यावर मातीचे बैल आले तसा हशा पिकला. पण बैल चालले, नांगर ओढायला लागले, अन् हळूहळू सगळे गप झाले. गोठा आला. पडद्यावर आईचा हात आला, खांद्यावर टेकला, सरकला, अन् काळ्या खांद्यावर हळद उमटली. तसा सगळा बाजारतळ उठला! शिट्ट्या, टाळ्या, टोप्या वर. म्हातारे पुढं येऊन पडद्याला हात लावून बघायला लागले. "पुन्यांदा लावा! पुन्यांदा!" काकासाहेब हसून राह्यले होते अन् डोळेही पुसून राह्यले होते. भुजंगनं मला खांद्याला धरून गदागदा हलवलं.

शेजारची तुळजाबाई आईला म्हणाली, "सगुणे, तुझेच हात की गं ते!"

आई भर बाजारात ताठ उभी राह्यली.

"हात माझेच," ती म्हणाली, "पण चालवले माझ्या पोरीनं."