लाथ खाल्लेला कमरेचा पट्टा

मी कमरेचा पट्टा बोलतोय. रायपूरच्या चौबे कॉलोनीत, खानझोड्यांच्या घरी, बेडरूमच्या दारामागे खिळ्याला लटकून बोलतोय. शेजारी एक मोडकी छत्री आहे, तिच्याशी माझं पटत नाही. पुस्तकांतल्या वस्तू बोलायला लागल्या की कशा गोड बोलतात! माणसांची सेवा घडली, जन्माचं सार्थक झालं, वगैरे. माझ्याकडून तसलं काही ऐकायला मिळणार नाही. मी माणसाच्या पोटाला चिकटून दिवस काढलेत, आणि तेही रायपूरच्या उन्हाळ्यात. इतक्या जवळून माणूस पाहिला की त्याच्याबद्दल फारसा आदर उरत नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. ताणलं जाणारं कापड, पाठीच्या बाजूला पोलादाच्या चपट्या पट्ट्या आणि पुढे चिकटपट्टी. ती ओढली की चर्रर्र असा आवाज होतो. माझ्या खोक्यावर एका सडपातळ माणसाचं हसरं चित्र होतं. ज्याची कंबर धरली आहे तो माणूस असा हसत नाही, हे चित्र काढणाऱ्याला कोणी सांगितलं नसावं.

मला विकत घेतलं शालिग्राम खानझोड्यांनी. दुकानदाराने विचारलं, "साइज भैया?" समोर एवढी ढेरी दिसत असताना गृहस्थ म्हणतात, "मीडियम." मी तेव्हाच ओळखलं, हा माणूस स्वतःच्या शरीराबद्दल खरं बोलणारा नव्हे. पुढे जे काही झालं ते या एका खोडीमुळे झालं.

शालिग्रामराव मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील रेल्वेत लागून इकडे आले आणि इकडचेच झाले. राज्य नवं झालं, राजधानी आली, मग मंत्रालय उचलून थेट नव्या रायपुरात नेलं, आणि शालिग्रामरावांच्या नशिबी रोज स्टाफच्या बसमधून जाणं-येणं आलं. तिथले रस्ते एवढे रुंद की माणूस पलीकडे जाईपर्यंत म्हातारा व्हावा. तरीही त्यांचं दुखणं बसमध्ये सुरू झालं नाही. ते घरी झालं. एप्रिलात यांनी पाण्याने भरलेला कूलर एकट्याने उचलून सरकवला. बायको आतून ओरडत होती, "पाणी काढून घ्या ना आधी!" पाणी काढलं नाही. कूलर जागच्या जागी राहिला, माणूस मात्र वाकला तो वाकलाच.

कळ कमरेतून निघायची, मांडीच्या मागून उतरायची आणि पोटरीतून थेट उजव्या पावलापर्यंत जायची. खोकला आला तरी झटका, शिंक आली तर विचारूच नका. त्यांचा मुलगा पराग त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. मीही होतो, पोटावर.

डॉक्टर तरुण होते पण माणूस नीट होता. त्यांनी पाय उचलून पाहिला, टाचांवर चालायला लावलं, अंगठा वर दाबायला सांगितला. मग म्हणाले, सायटिका आहे, मणक्यांमधली गादी सरकून नस दबली आहे. बहुतेकांना महिना-दीड महिन्यात गोळ्या, व्यायाम आणि थोडंथोडं चालण्याने आराम पडतो. नाही पडला तर मणक्यात इंजेक्शन देता येतं. ऑपरेशनची घाई आत्ता नको. उठता उठता मात्र बोट वर करून त्यांनी बजावलं, "लेकिन पंजा उठना बंद हो जाए, पैर सुन्न पड़ने लगे, या पेशाब में तकलीफ हो, तो एक दिन भी रुकना मत. सीधे आना." माझ्याकडे पाहून म्हणाले, "और ये बस में पहनो, घर आके उतार दो."

इतकं सोपं होतं. पण सोपं ऐकतील ती माणसं कसली! मला दिवसभर आवळून ठेवलं. व्यायाम दोन दिवस झाला आणि मग राहिला. घरी मात्र सल्ल्यांची रीघ लागली. कोणी म्हणे ओव्याचं तेल चोळा, कोणी म्हणे फळीवर निजा, कोणी म्हणे वांगं बंद करा. वांग्याने यांची कोणती नस दाबली होती देव जाणे. प्रत्येकाचा कोणीतरी ओळखीचा हमखास बरा झालेला असायचा. तो ओळखीचा मात्र कधी आला नाही.

आणि या सगळ्यांच्या वर होत्या वनमालाबाई, शालिग्रामरावांची बायको. या बाई पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेल्या. पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, चमक पळते, असं आपल्याकडे मानतात. चौबे कॉलोनीतूनच काय, लांबच्या बूढ़ापारा मोहल्ल्यातूनही बाया कंबर धरून यायच्या. "वनमाला दीदी हव का?" म्हणून फाटकाशी हाक यायची. बाई त्यांना उगवतीकडे तोंड करून उंबऱ्यात ओणवं उभं करायच्या, दोन्ही हात चौकटीला धरायला लावायच्या आणि पाठीवर पाय लावायच्या. त्याबद्दल साधी सुपारीसुद्धा घ्यायच्या नाहीत. घराच्या पाटीवर नाव शालिग्रामरावांचं होतं, पण फाटकाशी हाक यायची ती बाईंच्या नावाने. बाईंना या जन्मात मिळालेला मान तो एवढाच, आणि तो त्या जपत होत्या.

आता गावाची पाठ सुधारणाऱ्या बाईच्या घरात नवरा कण्हतोय, म्हटल्यावर पाय लावणं आलंच. पण नवऱ्याला पाय लावायचा कसा? ते तर पाप! बाईंनी यावर अक्कल चालवली. म्हणाल्या, "पट्टा असू द्या. पाय पट्ट्याले लागन, तुमाले नाही."

म्हणजे पाप लागू नये बाईंना, आणि लाथ खायची मी. तेव्हापासून या बाईशी माझं वैर आहे ते आजतागायत. दर गुरुवारी आणि रविवारी सकाळी, आंघोळ करून, ओल्या केसांनी बाई यायच्या आणि टाच माझ्या बरोबर मधल्या पोलादावर द्यायच्या. वर तरीही पाप राहू नये म्हणून वाकून नवऱ्याच्या पाया पडायच्या. माझ्या कोण पाया पडणार?

"कसं वाटून राहिलं?" बाई विचारायच्या.

"हाव. हलकं वाटून राहिलं," शालिग्रामराव म्हणायचे.

खोटं! साफ खोटं! त्यांच्या पोटाचे स्नायू कसे आवळून येत ते मला कळत होतं. कळ अंगठ्यापर्यंत जायची आणि हे दात-ओठ आवळून हसायचे. पुढे पुढे कळ जरा कमी झाली, तेव्हा मला वाटलं चला, सुटलो. पण ती कमी झाली होती कारण पाऊल बधिर होत चाललं होतं. चालताना उजवा पंजा फट्‌ करून जमिनीवर आपटायला लागला. जिना चढताना पाय पायरीला अडायचा.

एके दिवशी नव्या रायपुरात बसमधून उतरून हे गेटपर्यंत चालत गेले. मागून रत्नाकर नावाचे त्यांच्याच कार्यालयातले गृहस्थ धावत आले, हातात एक चप्पल घेऊन. "खानझोडे साहेब, ही तुमचीच ना? बसच्या पायरीवरच राहिली."

शालिग्रामरावांनी खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी. मे महिन्यात, तापल्या फरशीवर चालत आले होते आणि पत्ता नव्हता.

"अंगठा तुटला वाटतं तिचा," ते म्हणाले. चप्पल धडधाकट होती. रत्नाकरांनी तिच्याकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं आणि भला माणूस म्हणून गप्प बसले. असला भलेपणा काय कामाचा! डॉक्टरांचं वाक्य पोटावर बसून मी ऐकलं होतं. मला तोंड असतं तर त्याच गेटवर बोंब ठोकली असती.

घरी पराग मागे लागला होता. त्याने वडिलांना फरफटत चालताना पाहिलं होतं.

"पापा, डॉक्टर के पास चलो. आज ही."

"काहून? मले बरं आहे म्हटलं ना!"

"ठीक से चल भी नहीं पा रहे हो."

वनमालाबाई कणीक मळता मळता कडाडल्या, "तुले त्यांच्या पाठीत सुरी घालायची घाई झाली का रे? माझ्या मावसभावाचं, नरहरचं, नागपूरले ऑपरेशन केलं. बसला तो बसलाच."

"मम्मी, वो बीस साल पुरानी बात है! और आपका ये पैर लगाने से क्या हो रहा है? कुछ भी नहीं!"

बाईंचे हात थांबले. शालिग्रामराव एकदम पोरावर ओरडले, "आईशी असं बोलून राहिला? तिच्या पायानंच मले आराम आहे. चूप बस!"

पोरगा दार आपटून निघून गेला. बाई परत कणीक मळू लागल्या, आधीपेक्षा जोरात. आणि मी त्या ढेरीवर चडफडत बसलो. या माणसाला सुरीची भीती होती हे खरं, पण तेवढंच नव्हतं. बायकोचा पाय नवऱ्याच्याच पाठीवर खोटा ठरला, असं कॉलोनीत होऊ नये म्हणून हा स्वतःचं पाऊल वाऱ्यावर सोडत होता. याला प्रेम म्हणत असतील तर म्हणोत. मी त्याला मूर्खपणा म्हणतो.

पराग बोलला ते बाईंना लागलं होतं. पुढच्या रविवारी त्यांनी नवऱ्याला उंबऱ्यात उभं केलं आणि म्हणाल्या, "पट्टा काढा."

"काहून?"

"पट्टा मधात येते. म्हणून पुरता गुण नाही येऊन राहिला."

"अन् पाप?"

"लागू द्या मले. काढा."

चर्रर्र करून मला सोडलं आणि खुर्चीवर फेकलं. दोष माझ्यावर! लाथा खाऊन वर हे. मी तिथून सगळं पाहिलं. शालिग्रामराव चौकट धरून ओणवे झाले. बाईंनी डोळे मिटून काही पुटपुटलं आणि उघड्या पाठीवर पाऊल ठेवलं. लाथ नाहीच ती, नुसतं अलगद टेकवलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग पाप केलं म्हणून त्या लगेच खाली बसल्या, आणि जवळच्या उजव्या पावलावर हात ठेवून कपाळ टेकवलं.

"आटप ना वनमाला," शालिग्रामराव वरून म्हणाले. "पाया पडून घे अन् मले बसू दे."

बाईंचा हात पावलावरच होता.

त्यांनी मान वर केली. नवऱ्याचं तोंड उगवतीकडे होतं. त्यांनी पाऊल दाबलं. मग अंगठा दाबला. मग अंगठ्याला कचकचून चिमटा घेतला, नख उमटेपर्यंत.

"कुठं गेली? पडली का पाया?"

मग बाईंचा आवाज निघाला, आणि तो मी कधी ऐकला नव्हता तसा होता. "पाय केव्हापासून मेला हा?"

शालिग्रामरावांनी मान वळवून स्वतःच्या पावलाकडे पाहिलं.

"माझ्या पायाची लाज राखाले तुमचा पाय घालवून राहिले का तुमी? कोणी सांगितलं होतं? मी मागितली होती का लाज?" त्या उठून उभ्या राहिल्या होत्या, रडत होत्या आणि नवऱ्याच्या पाठीवर मुठी मारत होत्या, त्याच पाठीवर. मग वळून त्यांनी आतल्या खोलीकडे हाक मारली, "पराग! गाडी काढ!"

डॉक्टर भडकले. भडकायलाच हवं होतं, मी तर म्हणतो दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या. पंजा वर उचलला जात नव्हता. मोठ्या मशीनमध्ये घालून फोटो काढले. गादीचा तुकडा नसेवर बसला होता. आता गोळ्या, व्यायाम, इंजेक्शन यांचा विचार करायची वेळ गेली होती. ऑपरेशन करायचं का, एवढंच ठरवायचं होतं. शालिग्रामराव नेहमीप्रमाणे म्हणाले, "दोन दिवस पाहू ना, जरा बरं वाटते..."

"चूप बसा," वनमालाबाई म्हणाल्या. डॉक्टरांना विचारलं, "नरहरसारखे बसून तर नाही ना राहणार? अन् पाय वापस येईन का?"

"बैठेंगे नहीं, चलेंगे. पंजा पूरा लौटेगा कि नहीं, इसकी गारंटी नहीं दूँगा. जितनी देर करोगे, उम्मीद उतनी कम."

बाईंनी पदर कपाळावर ओढला. "करा," म्हणाल्या.

ऑपरेशनला वर्ष होत आलं. शालिग्रामराव चालतात. रोज सकाळी पराग त्यांना कॉलोनीच्या बागेत नेतो आणि टाचांवर चालायला लावतो. तेव्हा ते बदकासारखे दिसतात, आणि मला फार बरं वाटतं. पंजा उचलतो, पण डाव्याइतका नाही. चप्पल सुटत नाही, कारण बाईंनी चपला फेकून मागून पट्टा असलेल्या सँडल आणून दिल्या. मला काही दिवस बसमध्ये नेलं, मग व्यायामाने कंबर सावरली आणि मी या खिळ्याला आलो. आभार मानायला अजून कोणी आलेलं नाही.

वनमालाबाईंनी पाय लावणं बंद केलं होतं. फाटकाशी हाक आली की "दीदी घर पे नहीं है" म्हणून घरातूनच सांगायच्या. पण बाया ऐकतात होय! शेवटी पुन्हा सुरू झालं. फक्त आता आलेल्या बाईला आधी पलंगावर निजवून डोळे मिटायला लावतात आणि पायाची बोटं एकेक करून धरतात. "बता, कौन सी है?" उत्तर चुकलं की पाय लागत नाही, डॉक्टरांचा पत्ता मिळतो. परवा एक बाई रागावून निघून गेली. दीदीचा पाय पहिल्यासारखा राहिला नाही, असं ती सांगत फिरते म्हणे. सांगू दे.

रोज संध्याकाळी बाई नवऱ्याचाही पाय मांडीवर घेतात. मला खिळ्यावरून ते दिसतं.

"हे?"

"करंगळी."

"हे?"

"मधलं."

मग बाई अंगठा धरतात. "अन् हे?"

शालिग्रामराव डोळे मिटून बसतात. सगळी बोटं झाली, अंगठाच राहिला, हे कोणालाही कळेल. पूर्वी असते तर चटकन "अंगठा" म्हणाले असते. "हलकं वाटून राहिलं," असंही वर जोडलं असतं.

"नाही," ते म्हणतात. "हे नाही समजून राहिलं."

बाई तो अंगठा तसाच हातात धरून बसतात, भाजी करपल्याचा वास येईपर्यंत.

असो. मला तुमच्यापैकी कोणाचाही लळा नाही आणि लागणारही नाही. कंबर धरली तर खुशाल माझ्या एखाद्या भावाला घरी न्या, आवळा, घामाने भिजवा, लाथसुद्धा मारा, आमचा जन्मच त्यासाठी आहे. फक्त दुकानदाराने साइज विचारली, तर खरी सांगा.