वादळाचा पट्टा

कारागिराच्या दुकानात एका भिंतीवर माल टांगलेला असे. कमरपट्टे, पिशव्या, कुत्र्यांचे पट्टे. समोरच्या भिंतीवर मात्र विकायचं काही नव्हतं. तिथे फक्त वादळ.

वादळ हे त्या गिटारवाल्याला चाहत्यांनी दिलेलं नाव. प्रत्येक पोस्टरमध्ये तो पाय फाकवून उभा, केस तोंडावर आलेले, आणि गिटार इतकी खाली लोंबलेली की आता गुडघ्याला लागते की काय. जगाने त्याला त्या लोंबत्या गिटारीवरूनच ओळखायचं ठरवलं होतं. त्या काळात ज्या ज्या पोराने गिटार विकत घेतली, त्याने ती आधी गुडघ्यावर सोडली आणि मग वाजवायला घेतली. कारागिरानेही तेच केलं. वाजवणं काही जमलं नाही, मनगट मात्र अजून थंडीत ठणकायचं. त्याचाही त्याला अभिमान होता.

शेजारच्या दुकानात त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, चष्मे विकायचा. तो घड्याळाचा भक्त. घड्याळ म्हणजे त्याच जमान्यातला दुसरा बडा गिटारवाला. सूर केसभर पुढेमागे व्हायचा नाही, म्हणून ते नाव पडलेलं. घड्याळ गिटार छातीशी धरायचा. लेकराला ढेकर काढायला धरतात तशी, असं कारागीर म्हणायचा. त्यावर मेहुण्याचं उत्तर तयार असे, "दाजी, आमचं लेकरू निदान हातात तरी आहे. तुमचं जमिनीवर सांडलंय."

असं दोघांचं सुखाने चाललेलं असताना एका सकाळी दुकानात एक बाई आली. आपण वादळाची मॅनेजर आहोत, असं तिने सांगितलं. तोपर्यंत कारागिराच्या हातातला हातोडा खाली पडून त्याच्याच अंगठ्यावर बसला होता, पण दुखलं ते संध्याकाळी. बाई म्हणाली, आठवड्याने इथल्या मोठ्या नाट्यगृहात कार्यक्रम आहे. गिटार अडकवायचा पट्टा तुटलाय. चामड्याचा, मजबूत, एकसंध पट्टा हवा. मापासाठी तिने सुतळीचा एक तुकडा टेबलावर ठेवला. बरोबर एवढाच, असं दोनदा बजावलं आणि गेली.

तिची पाठ वळताच कारागिराने सुतळी खांद्यावरून घेतली. ती बरगडीपाशीच संपली. वादळ त्याच्यापेक्षा चांगला उंच. म्हणजे त्याच्या अंगावर तर गिटार थेट छातीवर चढणार. कारागीर खो खो हसला. बाईने सुतळी चुकीची कापली होती, दुसरं काय?

बायको म्हणाली, गिऱ्हाइकाने दिलेलं माप तेच माप, हे तुम्हीच अख्ख्या गल्लीला ऐकवता. नसेल पटत तर फोन करून विचारा.

"अगं, काय विचारू? बाबा रे, तुझी गिटार कुठे असते? सूर्याला विचारू का, कुठून उगवतोस म्हणून?"

मग तो जो कामाला लागला तो लागलाच. पोस्टरवर पट्टी ठेवून प्रमाण काढलं. सगळ्यात जाड, निबर चामडं निवडलं. ते कापून त्याला भाजी चिरायची फळी अडकवली आणि गिटार समजून आरशासमोर पाय फाकवून उभा राहिला. फळी गुडघ्याला लागली तेव्हा त्याचं समाधान झालं. मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी शिवण घातली, कडा घासघासून काचेसारख्या केल्या. बक्कल नाही, जोड नाही, लांबी कमीजास्त करायची सोय नाही. पोस्टरमधला पट्टाही तसाच होता. पट्टा गुंडाळताना तो गुणगुणत होता. मेहुण्याने दारातून सांगितलं, की आपल्याकडे चष्म्याबरोबर कापूसही मिळेल, कानात घालायला.

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी कारागीर नवा सदरा घालून पट्टा पोचवायला गेला. बाईने त्याला मागच्या दाराने आत घेतलं. रंगमंचामागच्या खोलीत खुर्चीवर एक म्हातारा नुसत्या पायमोज्यांवर बसला होता. डोक्यावर विरळ पांढरे केस, नाकावर चष्मा. कारागिराने इकडेतिकडे पाहिलं, वादळ कुठे दिसेना. मग म्हाताऱ्याने मान वर केली, तो हसला, आणि तेव्हा कुठे कारागिराला ओळख पटली. त्याने दोन्ही हातांनी पट्टा पुढे केला.

वादळाने पट्टा हातात घेतला. शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "वा, उस्ताद." एवढ्यावर कारागीर उरलेलं आयुष्य काढू शकला असता. पण वादळाने पट्टा गिटारीला लावला, खांद्यावर घेतला, आणि गिटार धपकन खाली गेली. खांदा ओढला गेला तसा म्हाताऱ्याने ओठ चावला.

बाई काही बोलायला गेली. वादळाने तिला हाताने थांबवलं.

"हे माप माझ्या तिशीचं आहे," तो म्हणाला. "कुठे मिळालं?"

कारागिराने खरं ते सांगून टाकलं. पोस्टर, फळी, सगळं. सुतळी चुकीची वाटली हेसुद्धा. बाईने डोक्याला हात लावला. तिने सांगितलं, की खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोन वर्षं वादळ खुर्चीत बसूनच वाजवतोय. आज पहिल्यांदा उभं राहायचं ठरलंय. गिटार वर असेल तरच हात चालतो. दुसरा पट्टा नाही. म्हणजे आजही खुर्चीच.

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असं कारागिराची आई म्हणायची. इथे तर बैल दुसऱ्याचा होता.

वादळ मात्र रागावला नाही. उलट कारागिराकडे बघून त्याचा चेहरा पोरासारखा मिश्कील झाला. तो म्हणाला, एवढ्या प्रेमाने केलंय, तर पहिलं गाणं असंच वाजवतो, पोस्टरसारखं, मग बसेन खुर्चीत. आणि त्याने ते जगप्रसिद्ध सुरुवातीचे सूर छेडले. तो तुकडा कारागिराने हजार वेळा ऐकला होता, झोपेतही चूक पकडली असती. आता चूक पकडायला काही कष्टच पडले नाहीत. मनगट वाकेना, बोटं तारांवर पोचेनात, सूर एकमेकांवर आदळून पडू लागले. वादळ हसतच होता. कारागिराला ते हसणं बघवेना.

"साहेब, थांबा," तो म्हणाला. "मी कापतो."

"कापलास तर पुन्हा लांब व्हायचा नाही. आणि बाहेर सगळे मला तसंच बघायला आलेत."

"मीही तसंच बघायला आलो होतो. काढा तो."

पण हत्यारं दुकानात. कारागिराने बायकोला फोन लावला. रापी, आरी, पंच, हातोडा, मेणाचा दोरा, सगळं घेऊन पळत ये, नाट्यगृहाच्या मागच्या दाराने. बायकोने एक शब्द सुनावला नाही, इतकी वेळ आणीबाणीची होती. ती थेट मेहुण्याच्या स्कूटरवर मागे बसून आली, मांडीवर हत्यारांचा डबा. दारावरच्या पहारेकऱ्याला तिने सांगितलं, आत माझा नवरा बुडतोय. तो बाजूला झाला.

घोटाळा एवढाच झाला की मेहुणा दुकानातून जसा होता तसा निघाला होता, अंगात घड्याळाचं चित्र छापलेला बनियन घालून. वादळाच्या खोलीत, वादळासमोर. कारागिराला वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं.

वादळाने बनियन निरखून पाहिला. मग तो उठून उभा राहिला आणि त्या चित्राला त्याने चक्क सलाम केला.

"हा मला कधीपासून सांगत होता, गिटार वर घे, हात सुटेल. मी ऐकलं नाही."

"मग खाली का ठेवलीत?" मेहुण्याने विचारलं.

"पहिला पट्टा उसना होता. ज्याचा होता तो ताडमाड उंच. कापू का म्हटलं तर नको म्हणाला. लोकांना वाटलं, काय ऐट आहे. मग बदलायची लाज वाटली."

आधी बायकोला हसू फुटलं, मग वादळाला, आणि मग कारागीर ठणकणारं मनगट धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मेहुण्याला टोमणा मारायची याहून मोठी संधी जन्मात मिळाली नसती. पण तो खाली बसून डब्यातून हत्यारं काढून देऊ लागला.

सभागृहात लोकांना सोडलं होतं. पायांचा दणदणाट भिंतीतून येत होता. कारागिराने या वेळी सुतळी ठेवूनच माप घेतलं. रापी टेकवली आणि चामडं सरळ कापलं. टोक तासून दुमडलं, मेहुण्याने दाबून धरलं, बायकोने दोऱ्याला मेण लावलं. आरीने भोकं, दुहेरी टाके, मग पंच ठेवून हातोड्याचा एकच ठोका. नव्या भोकात गिटारीची गुंडी घट्ट बसली. कडा घासायला वेळ नव्हता. कापलेलं टोक कच्चंच राहिलं.

तिघांना बाजूच्या पडद्याजवळ उभं राहायला मिळालं. प्रकाशझोत पडला, लोक किंचाळले, आणि वादळ चालत आला. उभा. गिटार बरगडीवर.

आरोळी मध्येच अडखळली. पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "खाली घे!" मग मागून दुसरा, मग अर्धं सभागृह टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणू लागलं, खाली, खाली, खाली. हे शब्द कारागिराच्याच तोंडचे होते. आज सकाळपर्यंत तोही समोरच्या खुर्चीत बसून तिकिटाच्या पैशांत हेच ओरडला असता. त्यात ताजं कापलेलं चामडं, गिटारीचं वजन, एक टाका जरी सुटला तरी सगळं खाली येणार होतं. त्याने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात ते सूर आले. तेच, पण कुठेही न अडखळणारे, एकामागून एक, स्वच्छ, आणि मग जिथे रेकॉर्डवर तुकडा संपतो तिथे तो संपला नाही. बोटं पुढेच गेली, वर चढली, अशा जागी गेली जिथे ती खालच्या गिटारीवर कधी पोचलीच नव्हती. ठेका विरघळला. कोणीतरी किंचाळलं, ते वेगळ्या कारणाने. मेहुण्याने कारागिराचा दंड असा आवळला की वळ उठावा.

"दाजी," तो कानात ओरडला, "हा काय वाजवतोय?"

"माहीत नाही," कारागीर ओरडला. "मी हे कधी ऐकलंच नाही."

बायकोने कोपराने ढोसलं. "अहो, डोळे उघडा की, तो इकडे बघतोय."

कारागिराने डोळे उघडले. वादळ पडद्याकडे वळला होता, घामाने निथळत होता, आणि गाणं न थांबवता त्याने खांद्याला एक झटका देऊन पट्ट्याला ओढ देऊन पाहिली. पट्टा हलला नाही. वादळ पुन्हा लोकांकडे वळला आणि दुसऱ्या गाण्यात शिरला.