हिल्जाची तिसरी गाठ

मी दोरी बोलतेय. हातभर लांबीची, डांबर प्यायलेली साधी दोरी. बाजारात मला कुणी विचारणार नाही, पण जुने खलाशी मला पाहून टोपी काढतात. फिनलंडची माणसं गाठीत वारा बांधतात, असं दर्यावर सगळेच मानतात.

माझ्या तिन्ही गाठी हिल्जानं मारल्या. नवरा ईवारी जहाजावर चढताना मला त्याच्या हातात देत म्हणाली, "पहिली सोडलीस की झुळूक, दुसरीला भरपूर वारा. तिसरी मात्र घरी निघताना. दुसऱ्या कुणासाठी सोडलीस तर बघ हं!"

पहिली गाठ भरसमुद्रात जहाज अडलं तेव्हा सुटली. मग लढाई पेटली, घराकडचा समुद्र बंद झाला आणि ईवारी इंग्रजांच्या बंदरात अडकला. शिडं शिवणारा तयार हात, विमानदळानं लगेच उचलला. फ्रान्समधल्या माळावर तो विमानांच्या पंखांवर कापड शिवू लागला. मी त्याच्या खाटेशी खिळ्याला. बशीत ओतलेली कॉफी फुंकताना तो माझ्याकडे बघे, आणि मला हिल्जाच्या बोटांची फार आठवण येई.

तिथला वारा मेला पश्चिमेचा. जाताना शत्रूकडे ढकलायचा, परतताना छातीवर बसायचा. एकदा माझ्या गाठींची गोष्ट ऐकून फेनविक नावाचा कोवळा वैमानिक आला.

"मांत्रिका, परतीचा वारा दे की!"

"साहेब, वारा माझ्या हातात असता तर मी इथं सुई टोचत बसलो असतो होय?"

तरी ईवारीनं दुसरी गाठ सोडली. फेनविक सुखरूप आला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, पण सगळ्या तळाचा विश्वास बसला.

पुढं एका दुपारी फेनविक परतेना. सगळे माळावर माना वर करून उभे.

"पेट्रोल संपलं असेल," कुणीतरी पुटपुटलं. शेजारचा मिस्त्री ईवारीला म्हणाला, "तिसरी राहू दे रे. ती वहिनींची आहे."

"गप बस," ईवारी म्हणाला आणि त्यानं माझी शेवटची गाठ उकलली.

विमान आलं, फाटक्या पंखानं. माझ्यात वारा होता की नव्हता, मलाही ठाऊक नाही.

लढाई संपली. समुद्र मोकळा झाला. फेनविक म्हणाला, "चल, तुला जहाजात बसवून देतो."

"कोणत्या तोंडानं जाऊ, साहेब?"

कुणी उत्तरेला निघालं असेल, तर मला खिशात घाला. गाठ कुणासाठी सुटली ते हिल्जाला सांगा. ती आधी चिडेल, मग रडेल. तिच्याकडून एकच गाठ मारून आणा. ईवारीची पेटी कधीची भरून तयार आहे. "वारा नाही," म्हणतो आणि पेटीवरच बसून राहतो.