गाठीची सुतळी

आमच्या लेकीचं, शितलचं लग्न ज्या वैशाखात झालं, त्याच वैशाखात माझ्या बायकोने, जिवनबाईने अंगणात विटा मांडल्या. आडवी एक वीट ठेवली, तिच्यावर चढली, उतरली. दोन ठेवल्या, चढली. तिसरी ठेवल्यावर मात्र गुडघा धरून खाली बसली.

"काय करून राहिली गं?" मी विचारलं.

"पायरीचं माप घेऊन राहिले. दोन विटांवर दुखत न्हाई."

तिला अक्षर येत नव्हतं. मी पन्नाशीनंतर तांड्यावरच्या वर्गात शिकलो होतो, पण तिने मला लिहायला सांगितलं नाही. तीन हात सुतळी घेतली, जमिनीपासून दोन विटांच्या उंचीवर गाठ मारली आणि माझ्या हातात दिली.

"शितलचे बा, गवंड्याला हे द्या. बाकी घर तुमच्या मनाजोगतं बांधा."

मी सुतळी खिशात घातली.

साखऱ्याहून पुनमचंद गवंडी आला. जागा पाहून म्हणाला, "खेमाभाऊ, जोतं किती घ्यायचं?"

"पाच फूट."

"एवढं काहून? पाणी तर इथं घोट्याच्या वर येत न्हाई."

शेजारी माझा धाकटा भाऊ प्रेमदास याचं घर उभं होतं. त्याचं जोतं चार फुटांचं. ते मी पुनमचंदला सांगितलं नाही. तो न सांगताच समजला.

"अंगण सहाच फूट हाय," तो म्हणाला. "जोतं तीन फूट घेतलं तर सहा-सहा इंचाच्या सहा पायऱ्या बराबर बसतात. पाच फूट घेतलं तर पायरी दहा इंचाची करावी लागल. घरात कुणाला गुडघ्याची तकलीफ?"

सुतळी खिशातच होती.

"न्हाई," मी म्हणालो.

दसऱ्याला घरभरणी झाली. तोरणाची आंब्याची पानं ओवायला दोरा सापडेना, तेव्हा मी खिशात हात घातला. तोरण बांधून झाल्यावर जिवनबाई पायऱ्या चढू लागली. पहिल्या दोन पायऱ्या चढली. पुढच्या चार हात टेकून, लेकरासारख्या. दारात उभी राहिली, दम घेतला, वर पाहिलं. पानांच्या कडेला गाठ दिसत होती.

"ही तर माझी सुतळी व्हय," ती म्हणाली.

मी उरलेली पानं गोळा करू लागलो.

"चांगली मजबूत निघाली," एवढंच म्हणून ती आत गेली आणि देवापुढे दिवा लावला.

उतरताना ती बसून उतरली, एकेक पायरी. प्रेमदासच्या घरच्या बायका हसल्या. "जाऊबाई, घसरगुंडी हाय का?" ती पण हसली. त्यानंतर चार-पाच वेळा चढली असेल. मग तिने खालच्या टिनाच्या छपरात बाज टाकली, चूल मांडली. कुणी विचारलं तर सांगायची, "मला शेळ्यांचं बघावं लागतं." शेळ्या दोनच होत्या.

वरची फरशी मी रोज पुसायचो. पुढे तिथे हळदीची पोती लागली. भाकरी खायला मी खाली यायचो. हळूहळू झोपायलाही खालीच आलो. एकदा म्हणालो, "पुनमचंदला बोलावतो. पायऱ्या फोडून नव्या करू."

"आता कशाला फोडता," ती म्हणाली. "तुमचं जोतं रस्त्यावरून चांगलं दिसतं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

ती गेली तेव्हा प्रेमदास म्हणाला, "दादा, वहिनीला वर न्या. एवढं घर असून छपरातून काढायचं का? लोक काय म्हणतील?"

चौघे जण पुढे झाले होते. मी त्यांना थांबवलं.

"जिथं ती राहिली, तिथूनच जाईल," मी म्हणालो.

त्या दिवसापासून मीही पायऱ्या बसूनच उतरतो. माझेही गुडघे गेले. तोरणाची पानं कधीच गळाली. सुतळी दारावर तशीच आहे. उतरण्याआधी तिच्या गाठीकडे एकदा नजर जातेच.

एवढंच लिहून ठेवतो: जिवनबाई २०२४ सालच्या माघात, बुधवारी सकाळी, खालच्या छपरात वारली.