हातात लागलेला दिवा

"तिसरा खोटा," धाकटी म्हणाली आणि खुर्ची मागे सारून उभीसुद्धा राहिली. "म्हणे कुत्र्याच्या पिल्लामागे जाऊन हरवले. मला कुत्र्यांची भीती वाटते. मी कशाला जाईन?"

समोर बसलेल्या वकीलबाईने रेकॉर्डर चालूच ठेवला. ही धाकटीची वर्गमैत्रीण. वकील वगैरे काही नव्हती, पण कुणी साधं 'चहा घेतेस?' विचारलं तरी त्याची उलटतपासणी घ्यायची, म्हणून विभागात तिचं हे नाव पडलं होतं.

"बस," ती म्हणाली. "तिसरा खरा आहे. भीती तेव्हापासूनची."

दोघी उपयोजित बोधनिक मानसशास्त्राच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होत्या आणि त्यांचा प्रबंध खोट्या आठवणींवर होता. माणसाच्या घरच्यांकडून त्याच्या लहानपणीचे तीन खरे प्रसंग मागून घ्यायचे, त्यांत कधीच न घडलेला चौथा मिसळायचा, आणि चारही त्याला पुन्हा पुन्हा आठवायला लावायचे. काही जणांना हळूहळू तो न घडलेलाही आठवायला लागतो, रंगावासासकट. शपथेवर चुकीचं सांगणारा साक्षीदार खोटारडा असतोच असं नाही, हे त्यावरून कळतं. मार्गदर्शक मॅडमचा दंडक असा, की दुसऱ्याला पाजायचं औषध आधी आपण पिऊन बघायचं. आज धाकटीची पाळी होती. आईला फोनवर नीट ऐकू येत नसे, म्हणून वकीलबाईने प्रसंग मागितले होते ते ताईकडे.

"मग पहिला खोटा."

"तोही खरा."

राहिले दोन. पडलेला दात पावाबरोबर गिळल्याचा दुसरा तिला लख्ख आठवत होता. चौथ्याचा तर विचार करायचं कारणच नव्हतं.

चौथा दिव्याचा होता. बैठकीतला बल्ब गेला होता. बाबांनी तिला खांद्यावर बसवलं, नवा बल्ब तिच्या हातात दिला आणि खालून म्हणाले, "दाब, मग फिरव." मग आईला म्हणाले, "आता." आईने बटण दाबलं आणि दिवा तिच्या हातात लागला. चटका बसायच्या आत तिने हात काढला. पुढे तिला तीन वर्षं पुरी व्हायच्या आतच बाबा गेले, आणि त्यांची म्हणून तिच्याजवळ एवढी एकच आठवण होती. इतक्या लहानपणचं माणसाच्या लक्षात राहत नाही, यावर तिने परीक्षेत पानंच्या पानं लिहून भरघोस मार्क मिळवले होते. स्वतःला तिने त्यातून खुशाल वगळलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"चौथा," वकीलबाई हळूच म्हणाली.

"शक्य नाही. मी बाबांचं टक्कल पाहिलंय, वरून. बशीएवढं. घरातल्या एकाही फोटोत ते दिसत नाही. मग मला कुठून कळलं?"

वकीलबाईने आता रेकॉर्डर बंद केला. "मी ताईंना म्हटलं, तिच्या बाबतीत घडलंच नाही असं काहीतरी सांगा. त्या म्हणाल्या, खात्रीने न घडलेलं असं मला एकच माहीत आहे."

धाकटी जिन्यात गेली, पायरीवर बसली आणि ताईला फोन लावला. ताईचं औषधांचं दुकान होतं. मागून बाटल्यांचे आवाज येत होते.

"पकडलंस का शेवटी?" ताई म्हणाली.

"दिव्याचं खोटं आहे?"

"खोटं नाही गं. माझं आहे. तू पाळण्यात होतीस तेव्हा."

मोकळ्या हाताची बोटं धाकटीने बल्ब धरावा तशी वळवली होती, ते तिला उशिरा दिसलं.

"शाळेतून रडत आली होतीस एकदा," ताई म्हणाली. "रात्री अंथरुणात मला म्हणालीस, तुझ्याजवळ बाबा आहेत, माझ्याजवळ नाहीत. मी म्हटलं, माझ्याजवळ पुष्कळ आहेत, एक देऊ हिला. मग रोज सांगायचे. फक्त 'मी'च्या जागी 'तू' म्हणायचे. तू हुंकार द्यायचीस. हुंकार थांबला की समजायचं, झोपली."

"आणि टक्कल?"

"तेही दिलं. चांगल्यातला चांगला दिला, द्यायचाच तर." ताई हसली. "तू हे शिकायला लागलीस तेव्हा म्हटलं, आता काही माझी धडगत नाही. पण तुला पत्ताच नाही. मग तुझ्या मैत्रिणीने विचारलं, तेव्हा म्हटलं, सांगून टाकावं. रागावलीस?"

रागवायला धाकटी भानावर होती कुठे. ज्या गोष्टीसाठी त्यांना समितीची परवानगी लागत होती, तीन तीन मुलाखती घ्याव्या लागत होत्या, आणि तरी ती निम्म्या लोकांतही साधत नव्हती, ती शाळेत जाणाऱ्या एका मुलीने अंधारात, एक शब्द बदलून केली होती. आणि तिने ती धाकटीला बाप मिळावा म्हणून केली होती. धाकटी थक्क होऊन बसून राहिली. एवढं मोठं कुणी आपल्या घरात राहत होतं आणि आपण तिच्याशी खिडकीजवळच्या जागेवरून भांडत होतो, असं तिला वाटलं.

"ताई, तुला कसं आठवतं ते? हातात दिवा लागला तेव्हा कसं वाटलं?"

पलीकडे कुणीतरी खोकल्याचं औषध मागितलं. ताईने ते दिलं, सुटे परत केले.

"तेच तर गेलं बघ," ती म्हणाली. "तुला सांगता सांगता त्यातून मी निघूनच गेले. आता डोळ्यासमोर आणलं की खांद्यावर तूच दिसतेस. मी आपली खाली उभी, वर बघत." मग म्हणाली, "असू दे. दिलेलं परत थोडंच मागतात."

धाकटीने डोळे पुसले. वरच्या मजल्यावर तास सुटला आणि मुलं धाडधाड जिना उतरू लागली. ती भिंतीला चिकटून बसली.

"ताई, ऐक. हुंकार दे."

"अगं, दोन गिऱ्हाइकं उभी आहेत."

"राहू देत उभी," धाकटी म्हणाली. "बैठकीतला बल्ब गेला होता. तू सात वर्षांची होतीस. बाबांनी तुला उचललं आणि खांद्यावर बसवलं. तुला वरून त्यांचं टक्कल दिसलं."

"जरा थांबा हं," पलीकडे ताई गिऱ्हाइकांना म्हणाली. मग फोनमध्ये म्हणाली, "हूं."