नमुना मिळाल्याची वेळ

शीत एकच उरलं होतं. निळ्या आंतरदेशीय पत्राच्या दुमडीवर, कोपऱ्याच्या जरा अलीकडे, चपटं, पिवळट, नखानं खरवडलं तर निघून येईल असं—पण मधुकरराव उमाठ्यांनी ते कधी खरवडलं नव्हतं. घरात डिंक नसेल म्हणून भातानं चिकटवलेलं पत्र; बारा वर्षांत बाकीची शितं गळून गेली, हे एक राहिलं. वाळल्या भातात काही जीवाणू अंगाभोवती कवच करून पडून राहतात, वर्षानुवर्षं, उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत—त्यांनी आयुष्यभर हेच पाहिलं होतं, एका सरकारी प्रयोगशाळेत, अन्नाचे नमुने तपासत. म्हणूनच की काय, पत्र हातात घेतलं की ते आधी त्या शिताकडे बघत, आणि पत्र परत पुस्तकात ठेवलं की हात धुवून येत. उत्तर मात्र कधी लिहिलं नव्हतं.

आतलं अक्षर एका शाळकरी मुलीचं होतं, मजकूर तिच्या आईचा.

‘सप्रेम जयभीम साहेब. मी अंजना गजघाटे, वाडीकडच्या शाळेत खिचडी बनवणारी. मी सांगून राहिली, माझी पोरगी माया लिहून राहिली. साहेब, डब्बा मीच तुमच्या हातात आणून दिला होता. रोजच्या खिचडीचा एक डब्बा बाजूले काढून ठेवायचा नियम होता, मी रोज ठेवत होती. वाटलं, तो डब्बाच माझी बाजू सांगन. तुमच्या कागदात खिचडी खराब निघाली. काम गेलं, ते जाऊ द्या. पहिलेच कितीक लोकांले आमच्या हातचं चालत नव्हतं, आता त्याईच्या जवळ सरकारी कागद आहे. मले फक्त इतकंच सांगा साहेब, मी खरंच लेकरांले खराब खाऊ घातलं काय?’

प्रश्नचिन्ह मायानं दोनदा गिरवलं होतं.

“अहो, काय करून राहिले त्या कपाटात इतका वेळ?” स्वयंपाकघरातून यमुताईंनी विचारलं. “भूमिका अकराला येते ना? अंघोळ तरी करून घ्या.”

“येतो.”

ते हलले नाहीत. भूमिका—धाकट्या भावाची मुलगी, शिळ्या भातातल्या जीवाणूंवर पीएचडी करणारी—काल फोनवर म्हणाली होती, मोठे बाबा, तुमच्या वहीतल्या सतरा नंबरच्या नमुन्याबद्दल एक विचारायचं आहे, फोनवर नको, येतेच. सतरा! सहा महिन्यांपूर्वी त्या पोरीनं जुन्या वह्या मागितल्या तेव्हा केवढा आनंद झाला होता त्यांना. आपलं कुणी काही मागतं आहे, आपल्या हातच्या आकड्यांना अजून कुणी हात लावतं आहे... त्या आनंदाच्या भरात त्यांनी सगळ्या वह्या दिल्या. सतरा नंबरचं पान त्यातच आहे हे रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं होतं. तेव्हापासून ते त्या फोनची वाटच पाहत होते, खरं तर.

फोनवर नको, असं का म्हणाली?

बारा वर्षांपूर्वी, एप्रिलचा पहिला आठवडा होता. शुक्रवार. एकतीस मुलांना उलट्या झाल्या, सगळी दवाखान्यातून दोन दिवसांत घरी गेली. पण निरीक्षक शाळेत पोचेपर्यंत भांडी घासून पालथी घातलेली होती, उरला होता तो अंजनाबाईंनी शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवलेला डबा. निरीक्षकानं तिलाच चिठ्ठी देऊन पिटाळलं. पावणेपाचला ती प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली, वाडीहून दोन ऑटो बदलून, स्टीलचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून. चिठ्ठी दिली, डबा दिला, आणि जाता जाता वळून म्हणाली, “साहेब, थंडं ठेवा बरं.”

हो, हो, म्हणाले होते ते.

प्रयोगशाळेतला फ्रीज भरलेला होता. वरच्या कप्प्यात शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या बाटल्या—त्या हलवायच्या तर त्याला विचारावं लागणार, आणि तो फटकळ. उमाठे, तुमचा संसार दुसरीकडे मांडा, असं चारचौघांत म्हणायचा आणि सगळे हसायचे. तो पाच वाजता जाईल, मग हळूच जागा करू, असं ठरवून मधुकररावांनी डबा टेबलावर ठेवला. तेवढ्यात टपालातून नवं नियतकालिक आलं. त्यात एक लेख होता... आता काय सांगायचं कुणाला? लेख शिजवलेल्या भातावरच होता. खोलीतल्या उष्णतेला भातातले जीवाणू किती वेळात दुप्पट होतात, याच्यावर. ते वाचत राहिले. समासात पेन्सिलीनं खुणा केल्या. सहा वाजता शिपायानं पंखे बंद केले तेव्हा ते उठले, आणि नियतकालिक काखेत मारून, वाचतावाचताच म्हणावं असे, घरी आले. हातभर अंतरावर तो डबा होता. मी तेच वाचत होतो आणि तेच माझ्यासमोर घडत होतं. एकदाही मान वर केली नाही. एवढा पुस्तकी माणूस जगात दुसरा कुणी असेल का?

सकाळी साडेदहाला डब्यावरचं फडकं खडखडीत वाळलेलं होतं.

तेव्हा सांगता आलं असतं. नमुना बाद, एवढे दोन शब्द. पण नमुना बाद म्हटलं की का ते लिहावं लागतं, आणि निवृत्तीला अकरा महिने उरले होते, आणि एकतीस मुलांच्या आजारपणाची बातमी पेपरात आलेली... त्यांनी तपासणी लावली. नोंदवहीत ‘नमुना मिळाल्याची वेळ’ या रकान्यात लिहिलं—शनिवार, सकाळी साडेदहा. एवढंच खोटं. आकडा मात्र खरा होता, दोनदा मोजलेला: दर ग्रॅमला सहा कोटी जीवाणू.

पुढं कित्येकदा त्यांनी उलटं गणित करून पाहिलं. अर्ध्या तासात दुप्पट, पावणेअठरा तास, पस्तीस वेळा अर्धं. सहा कोटीचे अर्धे, त्याचे अर्धे, त्याचे अर्धे... शेवटी उत्तर एका जीवाणूपेक्षाही कमी येई. म्हणजे गणितच लागत नाही. म्हणजे रात्रीतच कधीतरी भात पुरता भरून गेला असणार आणि वाढ थांबली असणार. बाई डबा देऊन गेली तेव्हा त्यात शंभर होते की लाख होते, सकाळपर्यंत सारखेच दिसणार. खिचडी चांगली होती असंही म्हणता येत नाही. शाळेच्या फाटकाशी त्या दिवशी बर्फगोळेवाला होता, असं कुणीतरी म्हणालं होतं. पाण्याची टाकी होती. कुणी काही तपासलं नाही. कागद आला होता ना.

भूमिका अकराच्या आधीच आली. हेल्मेट सोफ्यावर टाकून स्वयंपाकघरात गेली, पोह्यांची ताटली घेऊनच बाहेर आली.

“काय मोठे बाबा, चेहरा काहून असा उतरला?”

“त्यांना काय झालं,” यमुताई मागून म्हणाल्या. “फ्रीजला थर्मामीटर लावून बसले असतात तुझे मोठे बाबा. मला परवा ताप होता तर माझ्यासाठी सापडला नाही.”

“मोठी आई, ताप उतरतो. फ्रीजचं टेम्परेचर चढलं तर अख्खं घर दवाखान्यात.”

“घे. हीपण तसलीच.”

दोघी हसल्या. मधुकररावही हसले. भूमिकानं लॅपटॉप उघडला. चौकटींचा मोठा तक्ता, त्रेचाळीस ओळी, मधल्या एका ओळीला पिवळा रंग. ती पिवळी ओळ त्यांना वाचावी लागली नाही.

“हा बघा. सगळ्यात जास्त आकडा हाच आहे, म्हणून लेखात मी याच्यावरच अर्धं पान लिहिलं. उद्या लेख पाठवायचा आहे. पण आमच्या मॅडमनी एक शंका काढली.” तिनं घास गिळला. “बाकी सगळ्या नमुन्यांना तुम्ही आलेला दिवस, फ्रीजमध्ये ठेवल्याची वेळ, सगळं लिहिलं आहे. इथं मिळाल्याची वेळ साडेदहा, तपासणीला घेतल्याची वेळ साडेदहा. फ्रीजचा रकाना कोरा. इतके फास्ट होते काय तुम्ही?”

ती चेष्टेनंच म्हणाली. तिला काहीच माहीत नव्हतं. ‘हो, घाई होती त्या दिवशी’ म्हटलं की झालं. पोरगी लॅपटॉप मिटेल, उद्या लेख जाईल, आणि अंजनाबाईंची खिचडी कायमची छापली जाईल, कुठल्या कुठल्या देशांतली माणसं वाचतील, आकड्याला आकडा जोडत जातील... हो म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. त्यांना भूमिकाची भीती वाटली—पोह्यांवरचं लिंबू बोटाला लागलं म्हणून ते चाटणाऱ्या या पोरीची.

“काढून टाक तो,” ते म्हणाले.

“काय?”

“सतरा नंबर. वेळ... ती वेळ बरोबर नाही. नमुना आदल्या दिवशी आला होता. बाहेर राहिला.”

“रात्रभर?”

“रात्रभर.”

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबल्यासारखं त्यांना वाटलं. थांबलं नव्हतं. भूमिकानं त्यांच्याकडे बघितलं, मग मान खाली घातली आणि बोटानं काहीतरी दाबलं. पिवळी ओळ नाहीशी झाली. खालच्या ओळी एकेक पायरी वर सरकल्या, फट मिटली.

“बरं झालं सांगितलंत,” ती हळू आवाजात म्हणाली. मग त्यांना धीर द्यावा म्हणून असेल, “काही फरक पडत नाही, मोठे बाबा. त्रेचाळीस होते, बेचाळीस राहतील.”

ती गेल्यावरही ते वाक्य घरातून गेलं नाही. काही फरक पडत नाही. तिचं खरंच होतं, शास्त्राच्या दृष्टीनं. बारा वर्षं ते ज्याला घाबरले ते झालं होतं, कुणाला तरी कळलं होतं. आणि काहीच झालं नाही, छत पडलं नाही, पेन्शन थांबली नाही, यमुताई विचारत होत्या की वरणाला फोडणी लसणाची की जिऱ्याची. मग इतकी वर्षं आपण घाबरत होतो कशाला? आणि आता, सगळं पार पडल्यावर, ही भीती आणखी का वाढते आहे? कारण बेचाळीस जण बेचाळीस जागी नीट होते आणि वाडीकडे एक बाई होती, जिला कुणीही एका बोटानं पुसून टाकू शकत होतं—आधी मी कागदावर ठेवून, आता मीच कागदावरून काढून. दोन्ही वेळा तिला न विचारता.

त्यांनी कागद घेतला. ‘सौ. अंजनाबाई यांस’ लिहिलं—तिचा नवरा आहे की नाही, काय माहीत. दुसरा कागद घेतला. तिनं सप्रेम जयभीम लिहिलं होतं. आपण तसं लिहावं का, लिहिलं तर ते चिकटवल्यासारखं दिसेल, न लिहिलं तर... अर्धा तास त्यातच गेला. शेवटी नुसतं ‘अंजनाबाई’ असं लिहून त्यांनी पुढचं एका दमात लिहून काढलं. डबा तुम्ही शुक्रवारी पावणेपाचला दिला. थंड ठेवा म्हणालात. मी ठेवला नाही, विसरलो, आणि वेळ खोटी लिहिली. माझ्या कागदावरून तुमच्या खिचडीबद्दल काहीही ठरवता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. तुम्ही जे विचारलं आहे त्याचं उत्तर मला माहीत नाही, आणि आता कुणालाच कळणार नाही, ते माझ्यामुळे. हे पत्र तुम्ही कुणालाही दाखवू शकता. खाली सही केली, जुनं पदनाम लिहिलं.

वाचून पाहिलं असतं तर फाडलं असतं, म्हणून वाचलं नाही.

“एवढ्या उन्हात कुठं निघाले हो?”

“पोस्टात.”

“जेवण?”

“आल्यावर.”

बेसा भागातल्या नव्या इमारतींमधून पोस्टापर्यंत वीस मिनिटं चालणं. खिडकीवर तीन माणसं होती. त्यांचा नंबर आला तेव्हा कारकुनानं पाकीट काट्यावर टाकलं, पत्ता वाचला—वाडी, तेलघाणीमागे, भाड्याची खोली—आणि वर बघितलं.

“पत्ता पुरा आहे ना काका? तिकडे आता सगळी गोदामं झाली.”

“जुना आहे. बारा वर्षांपूर्वीचा.”

“पाठवणाऱ्याचं नाव?”

ते पुटपुटले.

“जोरानं बोला ना काका, पंखा वाजून राहिला.”

“मधुकर उमाठे,” ते म्हणाले. आवाज फाटला. मागच्या माणसानं मान वळवली, निदान त्यांना तसं वाटलं.

“मोबाइल सांगा. पोचलं की मेसेज येईल. नाही मिळाली बाई तर वापस येईल, तोही मेसेज येईल.”

हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. दहा आकडे सांगताना ते दोनदा चुकले. शिक्का बसला, पाकीट मागच्या गोणीत पडलं, आणि हात पुढं करून ते परत मागावं असं त्यांना इतकं तीव्रतेनं वाटलं की त्यांनी दोन्ही हात पाठीमागं धरले.

बाहेर पायरीवर ते उभे राहिले. माया आता सव्वीसेक वर्षांची असेल. तीच वाचून दाखवेल. ‘विसरलो’ या शब्दाशी ती थांबेल का? की ‘माहीत नाही’पाशी? आणि ऐकणारी... ऐकणारीचा चेहरा आणायचा त्यांनी प्रयत्न केला, डोळे मिटून केला, आणि एकाएकी कळलं की तो आपल्यापाशी नाहीच. कधी बघितलाच नव्हता. उद्या ती दारात येऊन उभी राहिली तर ओळखूही येणार नाही. मग पुढचे कितीतरी दिवस, भाजीच्या दुकानात, बँकेच्या रांगेत, समोरून येणाऱ्या, पन्नाशीपुढच्या कुठल्याही बाईकडे—ही असेल का, असं म्हणत—मला बघावं लागणार. नीट, मान वर करून. समोरच्या फुटपाथवरून एक बाई पिशवी सावरत येत होती. मधुकररावांनी नजर खाली घातली नाही.